निरवांगीच्या कातळाखाली काय आहे?
शेलवायूची ओळख आणि आपल्या भागाचा ऊर्जेचा हिशेब

अमेरिकेत गेल्या पंचवीस वर्षांत एका खडकाने ऊर्जेचे सारे गणित बदलून टाकले. त्या खडकाचे नाव शेल. आज त्या देशात निघणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक वायू शेलमधून मिळतो. आपला देश मात्र लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे निम्मा परदेशातून विकत घेतो. साहजिकच प्रश्न पडतो की, असा वायू आपल्या पायाखालीही असेल काय?

हा प्रश्न सबंध देशाविषयी न विचारता एका गावाविषयी विचारू. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात निरवांगी हे नीरा नदीच्या खोऱ्यातले गाव आहे. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा आणि मध्ये कमी पावसाचा हा टापू. पाऊस वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास; पण कालव्याच्या पाण्यावर ऊस मात्र उदंड. निरवांगीत शेलवायूची विहीर खणता येईल का? उत्तर देण्यासाठी तीन गोष्टी तपासाव्या लागतील. तसा खडक तेथे आहे काय? असल्यास त्यातून वायू बाहेर कसा काढतात? आणि त्यासाठी किंमत काय मोजावी लागते? हेच तीन प्रश्न कोणत्याही इंधनाला लावता येतात.

शेल म्हणजे काय?

तळ्याच्या किंवा उथळ समुद्राच्या तळाशी अगदी बारीक गाळ बसत जातो. त्याबरोबर मेलेले सूक्ष्म जीव, शेवाळ, पानांचे तुकडेही बसतात. वर आणखी गाळ साचला, की खालचा चिखल दाबला जातो, त्यातले पाणी निघून जाते आणि लाखो वर्षांनी त्याचा पापुद्रे असलेला खडक बनतो. हाच शेल. त्यात अडकलेल्या जैव पदार्थापासून केरोजेन नावाचा मेणासारखा घट्ट पदार्थ तयार होतो.

जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढते. ही वाढ साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश से. असते. खडक पुरेसा खोल गेला, की केरोजेनचे खनिज तेल बनते आणि आणखी तापला, की वायू बनतो. हा वायू मुख्यतः मिथेन असतो. त्यातला काही वायू वर सरकून वाळूच्या खडकात साठतो. नेहमीच्या तेलविहिरी अशा साठ्यांवर खणतात. पण बराचसा वायू शेलमध्येच कोंडून राहतो. म्हणजे शेलवायूसाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : गाळाचा जाड थर, त्यात भरपूर जैव पदार्थ आणि योग्य तेवढी उष्णता. यांपैकी एक जरी नसली, तरी वायू नाही.

छिद्रे आहेत, वाट नाही

शेलमधला वायू कोंडून का राहतो? हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या तीन सारख्या बाटल्यांचे बूड कापा. तोंडाला फडके बांधून बाटल्या उलट्या टांगा. एकीत नदीची वाळू, दुसरीत चाळलेला मुरूम आणि तिसरीत काळी माती सारख्याच उंचीपर्यंत भरा. माल आधी नीट भिजू द्या. मग प्रत्येकीत सारखेच पाणी ओता आणि किती वेळात किती पाणी खाली पडते ते लिहून ठेवा. वाळूतून पाणी भराभर जाते, मुरमातून सावकाश, तर काळ्या मातीतून थेंबही मुश्किलीने पडतो.

आता गंमत पाहा. काळी माती पाणी कमी धरते असे नाही, उलट ती वाळूपेक्षा अधिक पाणी धरून ठेवते. हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणजे पदार्थात मोकळी जागा किती, हा एक गुण झाला. त्याला सच्छिद्रता म्हणतात. त्या जागा एकमेकींना जोडलेल्या असून त्यांतून द्रव किंवा वायू किती सहज वाहतो, हा दुसरा गुण. त्याला पार्यता म्हणतात. हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली वाळूतून पाणी वाहू देऊन यासंबंधीचा नियम मांडला. तो साध्या शब्दांत असा : प्रवाह हा दाबातील फरक, वाहण्याचे क्षेत्रफळ आणि पार्यता यांच्या सम प्रमाणात असतो, आणि जितके अंतर कापायचे त्याच्या व्यस्त प्रमाणात असतो.

चांगल्या वाळूच्या खडकाच्या तुलनेत शेलची पार्यता लाखो पटींनी कमी असते. ती आपल्याला बदलता येत नाही. मग दार्सीच्या नियमात आपल्या हाती काय उरले? क्षेत्रफळ वाढवणे आणि अंतर कमी करणे. शेलवायूचे सारे तंत्र या दोन गोष्टींत आहे. अख्खी डाळ शिजायला वेळ लागतो आणि भरडलेली लवकर शिजते, तसेच हे.

खडक कसा फोडतात?

आधी विहीर दोन-तीन किलोमीटर सरळ खाली नेतात. शेलचा थर आला, की ती हळूहळू वळवून थरातूनच आडवी एक-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही लांब नेतात. मग तिच्या पोलादी नळीला ठिकठिकाणी छिद्रे पाडून प्रचंड दाबाने पाणी आत सोडतात. पाण्यात वाळू आणि थोडी रसायने मिसळलेली असतात. खडकाला भेगा पडतात. पाणी काढून घेतल्यावर त्या मिटू नयेत म्हणून वाळूचे कण पाचरीसारखे आत राहतात.

दाब किती लागतो, याचा अंदाज तुम्हीच काढू शकता. दाब = घनता × गुरुत्वत्वरण × खोली. खडकाची घनता दर घनमीटरला २५०० किलोग्रॅम आणि खोली २००० मीटर घेतली, तर वरच्या खडकाचा दाब २५०० × ९.८ × २००० म्हणजे ४.९ कोटी पास्कल येतो. हा हवेच्या दाबाच्या सुमारे ४९० पट झाला. मालमोटारीच्या चाकात तो सात-आठ पट असतो! भेग पाडण्यासाठी आडव्या दिशेचा दाब जिंकावा लागतो आणि तो बहुधा यापेक्षा काहीसा कमी असतो. शिवाय विहिरीत उभ्या असलेल्या पाण्याचा दाबही मदतीला असतो. तो २००० मीटरवर सुमारे १९६ पट भरतो. उरलेला दाब जमिनीवरचे पंप देतात.

क्षेत्रफळ किती वाढते? समजा, शेलचा थर ३० मीटर जाड आणि विहिरीचा व्यास २० सेंटिमीटर आहे. उभी विहीर या थराला सुमारे १९ चौरस मीटर एवढाच स्पर्श करील. आता आडव्या विहिरीला १०० मीटर लांब व ३० मीटर उंच अशा ४० भेगा पाडल्या असे धरू. प्रत्येक भेगेच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर एकूण क्षेत्रफळ २,४०,००० चौरस मीटर होते. म्हणजे १२ हजारपटींहून अधिक! न वाहणारा वायू वाहू लागतो तो असा. शेलमध्ये वायू असतो हे काही नवे ज्ञान नव्हते. विल्यम हार्टने अमेरिकेत फ्रेडोनिया येथे १८२१ सालीच शेलमधून वायू मिळवला होता. तो मोठ्या प्रमाणावर व परवडेल असा काढण्याची युक्ती मात्र टेक्सासमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीला १९९० च्या दशकाच्या अखेरीस साधली.

निरवांगीखाली काय आहे?

आता आपल्या गावाकडे वळू. निरवांगीत विहीर खणली, तर वरची माती व मुरूम संपल्यावर काळा कातळ लागतो. हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हजार अंशांहून अधिक तापलेला लाव्हा पुनःपुन्हा बाहेर पडला आणि त्याच्या थरांवर थर बसून दख्खनचे पठार बनले. अशा तप्त रसाच्या खडकात जैव पदार्थ कोठून असणार? दोन लाव्हांच्या मधल्या काळात कोठे कोठे तळी झाली आणि त्यांत थोडा गाळ साचला. पण ते थर फारच पातळ आहेत. तेव्हा बेसाल्टमध्ये शेलवायू शोधण्यात अर्थ नाही.

पण बेसाल्टच्या खाली काय आहे? लाव्हा येण्यापूर्वी तेथे एखादा समुद्र किंवा मोठे सरोवर असेल, तर त्याचा गाळ कातळाखाली झाकला गेला असेल. हा तर्क योग्य आहे. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात बेसाल्टखाली गाळाच्या खडकांचे जाड थर असल्याचे भूभौतिकी पाहण्यांत दिसून आले आहे. मग निरवांगीखाली?

या प्रश्नाच्या उत्तराला दोन भूकंपांची मदत होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला मोठे भूकंप झाले. त्यांच्या अभ्यासासाठी या दोन्ही भागांत शास्त्रज्ञांनी खोल छिद्रे घेतली. किल्लारीच्या छिद्रात बेसाल्ट ३३८ मीटर जाड निघाला, त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर, आणि मग अब्जावधी वर्षांपूर्वीचा पाषाण. कोयना भागात रासाटी येथे बेसाल्ट सुमारे ९३३ मीटर जाड निघाला आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट जातीचा खडक लागला. याच भागातील गोठणे येथे २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. तेथे बेसाल्टची जाडी सुमारे १२४७ मीटर भरली. खाली पुन्हा तोच जुना पाषाण. या कामासाठी भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथे स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन केली आहे.

निरवांगी या दोहोंच्या मध्ये येते. कोयना तेथून नैर्ऋत्येला सुमारे १३० किलोमीटर, तर किल्लारी पूर्वेला सुमारे १८० किलोमीटर. जाडी सरळ रेषेत कमी होत जाते असे मानले, तर रासाटी ते किल्लारी ३१० किलोमीटरमध्ये ती ५९५ मीटरने, म्हणजे दर किलोमीटरला १.९ मीटरने घटते. या हिशेबाने निरवांगीखाली बेसाल्ट सुमारे ६८० मीटर जाड असावा. निसर्ग सरळ रेषेने बांधलेला नसतो आणि गावांची उंचीही सारखी नसते, म्हणून हा आकडा ढोबळच समजावा. मात्र दोन्ही टोकांना गाळाचा जाड थर नाही, ही गोष्ट महत्त्वाची. ग्रॅनाइटमध्ये केरोजेन नसतो. तेव्हा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे आहे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे, की खुद्द गावाखालची खात्री मोजल्याशिवाय देता येत नाही. गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक, जमिनीची विद्युतवाहकता आणि कृत्रिम कंपनांचे परावर्तन यांवरून, छिद्र न पाडताही, ती मोजणी करता येते. बेसाल्टपेक्षा गाळाचा खडक हलका असतो आणि वीजही अधिक वाहून नेतो.

भारतात इतरत्र काय घडले? जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाला सुमारे १७०० मीटर खोलीवरच्या शेलमधून वायू मिळाला. २०१३ साली सरकारने शेलवायूचे धोरण जाहीर केले आणि खंबायत, कृष्णा-गोदावरी, कावेरी, दामोदर या खोऱ्यांत विहिरी खणल्या गेल्या. व्यापारी उत्पादन मात्र अजून सुरू झालेले नाही. आपल्या शेलचे थर अमेरिकेतल्यासारखे वागतीलच असे नाही, हा त्यातला धडा.

आधी मोजणी, मग विहीर

जेथे शेल आहे तेथेही विहीर खणण्यापूर्वी व नंतर कोणीतरी तटस्थपणे मोजत राहिले पाहिजे. विद्यापीठांतील संशोधन केंद्रे हे काम करतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०१४ साली ओहायो राज्य विद्यापीठ व तेथील ऊर्जा खाते यांच्या साहाय्याने मॉर्गनटाउन गावी अशी प्रयोगशाळाच उभारली. तेथे खऱ्याखुऱ्या वायुविहिरींशेजारी निरीक्षणासाठी वेगळी विहीर खणली. हवा, पाणी, आवाज, सूक्ष्म कंपने यांच्या नोंदी घेतल्या. एका विहिरीत तर कायमची प्रकाशतंतूची तार बसवून खडकाचे आवाज आणि तापमान टिपले.

अशा नोंदींची गरज का? विहिरीतून वायूबरोबर जे पाणी परत येते, ते पुष्कळदा समुद्राच्या पाण्याहूनही खारट असते. ते नदीत सोडता येत नाही, म्हणून अनेक ठिकाणी खोल जमिनीत परत दाबून भरतात. त्यामुळे खडकाच्या भेगांतील पाण्याचा दाब वाढतो, भेगेच्या दोन बाजूंना आवळून धरणारे बल कमी पडते आणि जमीन सरकते. ३ सप्टेंबर २०१६ रोजी ओक्लाहोमा राज्यात झालेला ५.८ प्रतीचा भूकंप अशाच कारणाने झाला असे मानतात. कोयनेच्या जलाशयाचा तेथील भूकंपांशी जो संबंध जोडतात, त्यामागेही भेगांतील पाण्याच्या दाबाचेच तत्त्व आहे. विद्यापीठाचे केंद्र विहिरीच्या बाजूचे नसावे आणि विरुद्धही नसावे. त्याने आकड्यांच्या बाजूचे असावे.

पाण्याचा हिशेब

शेलविहिरीविरुद्ध नेहमी सांगतात ते कारण म्हणजे पाणी. तेही मोजून पाहू. एका विहिरीला भेगा पाडण्यासाठी साधारण एक ते दोन कोटी लिटर पाणी लागते; अलीकडच्या लांब विहिरींना त्याहून कितीतरी अधिक. आता ऊस पाहा. उसाला वर्षभरात सुमारे २००० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर दोन मीटर पाणी म्हणजे २०,००० घनमीटर, अर्थात दोन कोटी लिटर. म्हणजे एका विहिरीला एकदा जे पाणी लागते, तेवढे अडीच एकर ऊस दर वर्षी पितो!

हा आकडा अनेकांना अनपेक्षित वाटेल. त्यातून दोन गोष्टी दिसतात. शेलविहिरीचे पाणी थोड्या दिवसांत, एकाच ठिकाणी उचलावे लागते आणि परत आलेले पाणी शेतीच्या कामाचे राहत नाही. ऐन उन्हाळ्यात कालव्याचे आवर्तन बंद असताना असे पाणी मागितले, तर गावात भांडणच होईल. हे खरेच आहे. पण पाण्याचा प्रश्न परक्या तंत्राला विचारायचा आणि आपल्या उसाला विचारायचा नाही, हेही बरोबर नव्हे. फूटपट्टी दोघांना एकच लावली पाहिजे.

जमिनीवरचे इंधन

खाली शेल नाही, म्हणून निरवांगी ऊर्जेत दरिद्री ठरते काय? वर बघा. ऊस तुटून गेला, की शेतात पाचट उरते. एका हेक्टरमागे सुमारे ८ टन वाळलेले पाचट धरू. एक किलोग्रॅम पाचट जळले, तर सुमारे १५ मेगॅज्यूल उष्णता मिळते. म्हणजे हेक्टरी १,२०,००० मेगॅज्यूल. घरगुती गॅसच्या १४.२ किलोग्रॅमच्या टाकीत सुमारे ६५० मेगॅज्यूल असतात. भागाकार केला, तर सुमारे १८४ टाक्यांइतकी उष्णता एका हेक्टरच्या पाचटात निघते. आणि हे पाचट आजही अनेक शेतांत काडी लावून पेटवून देतात!

निरवांगीपासून जवळच, नीरेच्याच खोऱ्यात, फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिची स्थापना १९६८ सालची. या संस्थेत पाचट आणि चिपाड यांपासून जळाऊ वायू बनवणाऱ्या यंत्रांवर काम झाले. तेथील अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात ऊर्जेत स्वयंपूर्ण तालुक्याची कल्पना मांडली : तालुक्यात शेतीचा टाकाऊ माल किती निघतो ते मोजावे आणि त्यावर तालुक्याला पुरेल इतकी वीज तयार करावी. वेस्ट व्हर्जिनियाचे केंद्र जे शेलबाबत करते, त्याच जातीचे हे काम आहे. आपल्या भागात काय आहे ते आधी मोजायचे, मग यंत्र निवडायचे.

मात्र येथेही किंमत विचारा. सगळे पाचट जाळले, तर जमिनीला सेंद्रिय खत कोठून मिळणार? पाचटाचे आच्छादन केले, तर जमिनीची ओल टिकते आणि पाणी वाचते. शिवाय पाचट हलके, फुगीर असते. ते गोळा करून वाहून नेण्यात मजुरी व डिझेल खर्च होते. आणि पाचट हवे म्हणून ऊस वाढवायचा म्हटले, तर पुन्हा पाण्याच्या हिशेबाशी येऊन थांबावे लागते. किती पाचट शेतात ठेवायचे आणि किती इंधनाला द्यायचे, याचे उत्तर जमिनीगणिक वेगळे येईल. ते पुस्तकात मिळणार नाही, शेतात मोजूनच काढावे लागेल.

मोजणीची सुरुवात शाळेपासून होऊ शकते. गावात नवी विहीर किंवा बोअर घेतली जात असेल, तर किती खोलीवर कोणता थर लागला ते बोअरवाल्याला विचारून वहीत लिहा. काळा कातळ, तांबडा मऊ थर, सच्छिद्र कातळ, पाणी लागल्याची खोली अशा नोंदी ठेवा. दहा बोअरांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, की तुमच्या गावाखालचा उभा छेद तयार होईल. शिक्षकांनी तो दर वर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवावा. पाच वर्षांनी त्याच्याइतका उपयोगी नकाशा तालुक्यात दुसरा नसेल.

स्वाध्याय
१. तुमच्या गावाखाली ६८० मीटर खोलीवर तापमान किती असेल? जमिनीवर २७ अंश से. आणि दर किलोमीटरला २५ अंश वाढ धरा.
२. क्षेत्रफळाच्या उदाहरणात भेगा ४० ऐवजी ८० पाडल्या, तर वायूचा प्रवाह दुप्पट होईल काय? भेगांमधले अंतर कमी झाल्याचा परिणामही विचारात घ्या.
३. ठिबक सिंचनाने उसाचे पाणी ४० टक्के वाचले, तर एका हेक्टरमागे वर्षाला किती लिटर वाचतील? दर माणशी दर दिवशी ५५ लिटर धरून एवढे पाणी किती माणसांना वर्षभर पुरेल?
४. तुमच्या शिवारात ऊस किती हेक्टर आहे, ते तलाठी कार्यालयातून विचारून घ्या आणि त्याच्या निम्म्या पाचटाची उष्णता काढा. उरलेले निम्मे शेतातच का ठेवावे, हे चार ओळींत लिहा.